जप्तीची इस्त्री

हेमंतराव पिसाळांनी उभ्या आयुष्यात एकच व्रत निष्ठेनं पाळलं. घरपट्टी भरायची नाही. एरवी एकादशीला त्यांना अंडी चालत, श्रावणात बाहेरगावी मटणही चालत असे. पण घरपट्टीचं नाव काढलं की माणूस कडक सोवळ्यात. देवनळी गावाच्या बायपासला लागून त्यांचं ‘पिसाळ मंगल कार्यालय व लॉन्स’ होतं. सगळ्या लग्नतिथींचं बुकिंग दिवाळीच्या आतच उरकलेलं असायचं. पैसा खोऱ्यानं ओढत होते, आणि नगरपरिषदेचा माणूस दारात आला की चेहरा असा करत, की बघणाऱ्याला वाटावं, यांच्या घरी सकाळपासून चूल पेटलेली नाही.

त्यांची बायको वृषाली हे सारं मागच्या भटारखान्यातून बघत आली होती. बघत म्हणजे काय, भाजी ढवळता ढवळता दिसेल तेवढं. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यांनी तिला आचाऱ्याच्या हाताखाली घातली. म्हणाले, शिकून घे, घरचंच आहे. पुढे आचारी थकला, गावी निघून गेला, आणि दुसरा आणावा हे कुणाच्या मनातच आलं नाही. हजार पानांचा मसालेभात नजरेच्या अंदाजानं लावणारी बाई घरात फुकट मिळत असताना आचारी ठेवील कोण? हेमंतराव पुढे गल्ल्यावर बसत. बसत म्हणजे अगदी खरोखर बसतच. त्यापलीकडे त्यांना कधी काही करताना कुणी पाहिलं नव्हतं.

दर मार्चात जप्तीचं पथक यायचं. पुढे हलगीवाला, मागे टेम्पो. इमारतीला सील ठोकावं तर हेमंतरावांनी कोर्टातून स्थगिती आणून ठेवलेली. राहता राहिलं आतलं सामान. मग हेमंतराव पथकाला हात जोडून आत घेत आणि एकेका वस्तूचं कूळ सांगत. खुर्च्या? त्या मांडववाल्याच्या. एसी? भाड्याचे. सोफा मेव्हण्याचा, फ्रीज मेव्हणीचा, जनरेटर कुठल्याशा बंद पडलेल्या पतसंस्थेचा. आणि भटारखान्यातली भांडी वडिलांची, हे बघा नाव घातलंय. वडील तर वारले, आणि वारसाचं अजून ठरायचंय. पथकातली माणसं चहा पीत, माना डोलावत, एखादा मोडका कूलर टेम्पोत टाकत आणि जात. चहा अर्थात वृषालीच करायची. नंतर नवरा दोन दिवस गावभर आपल्या हुशारीची दवंडी पिटत हिंडे, आणि कपबश्या विसळताना वृषालीला त्याची नुसती शिसारी यायची.

नगरपरिषदही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती म्हणा. वसुली नाही म्हणून गटारं तुंबलेली, आणि त्याच तुंबलेल्या गटारात आपल्या कार्यालयाचं खरकटं पाणी सोडून हेमंतराव वर सभेत उभे राहून विचारणार, नगरपरिषद करते तरी काय? हे माजी नगरसेवक. लोक टाळ्या वाजवायचे. ज्या गावाला असले लोक निवडून द्यायला आवडतं, त्या गावाची गटारं तुंबणारच.

मग २०४३ साली ती इस्त्री आली.

कागदोपत्री तिचं नाव होतं स्पर्शस्तर विश्लेषक. पण दिसायला हुबेहूब धोब्याची इस्त्री, म्हणून गावानं तिचं बारसं करून टाकलं. तिच्यामागचं शास्त्र समजायला काही फार अवघड नाही. आपला हात कशालाही लागला की कातडीवरचं तेल, घामातले क्षार आणि कोट्यवधी सूक्ष्म जिवाणू यांचा एक अत्यंत पातळ थर त्या वस्तूवर राहतो. हे मिश्रण माणसागणिक निराळं असतं. शिवाय हवेतल्या प्राणवायूनं ते तेल हळूहळू बदलत जातं, त्यामुळे थर किती जुना आहे तेही ओळखता येतं. घासलं की सगळं गेलं असं आपल्याला वाटतं, पण जातं ते वरवरचं. पितळ असो, लाकूड असो, प्लॅस्टिक असो, प्रत्येकाच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारे चरे असतात. तोच हात वर्षानुवर्षं लागत राहिला की या चऱ्यांत नदीच्या गाळासारखा थरावर थर बसत जातो. इस्त्रीतला लेसर एकेका थरावर पडतो, परत येणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट यंत्र वाचतं, आणि या वस्तूवर कुणाचा हात किती वर्षं आणि किती दाट फिरला आहे ते पडद्यावर दाखवतं.

यंत्र बनलं होतं देवळांतल्या मूर्तींच्या चोऱ्या पकडायला. पण कर बुडवणारे मूर्तिचोरांपेक्षा चिवट निघाले. राज्यभर जिथे जावं तिथे बंगला साहेबांचा आणि आतलं सगळं सामान मेव्हण्याचं! मेव्हणे इतके श्रीमंत आणि भावोजी इतके कंगाल, असं राज्य दुसरं नसेल. शेवटी सरकारनं नियमच केला. शेताला जशी वहिवाट असते तशी वस्तूलाही असते. पावती धड नसेल आणि मालकीवरून वाद असेल, तर ज्याचा हात त्याची वहिवाट, आणि ज्याची वहिवाट त्याची वस्तू.

त्या दिवाळीत वृषालीनं आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याकडे काही मागितलं होतं. मार्केट यार्डाजवळ एक गाळा भाड्यानं मिळत होता. पोळ्या लाटणारी संगीता आणि ती, दोघींनी मिळून तिथे स्वतःचं स्वयंपाकघर काढायचं, डबे द्यायचे, बारशा-डोहाळजेवणाच्या ऑर्डरी घ्यायच्या, असं ठरवलं होतं. हातात कला होती, गिऱ्हाईक ओळखीचं होतं. नव्हती ती भांडी. जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यांचे भाव ऐकून संगीता म्हणाली होती, ताई, त्यापेक्षा हत्ती पाळू, स्वस्त पडेल. म्हणून वृषालीनं कार्यालयातली बाजूला पडलेली चार जुनी पातेली मागितली. हेमंतरावांनी हे समोर बसलेल्या दोन पाहुण्यांना हसून सांगितलं. म्हणाले, हिला आता धंदा करायचाय. मग तिच्याकडे वळून, अगदी मायेनं समजावल्यासारखं बोलले.

“अगं, तुझं इथं आहे काय? आलीस तेव्हा ट्रंकेतून पातेली आणली होतीस का?”

पाहुणे हसले. वृषाली आत गेली आणि तिनं पुऱ्या तळल्या. पण त्या दिवसापासून तिच्या पोटात जे पेटलं ते विझलं नाही. पातेल्यांसाठी ती एवढी पेटली नव्हती. आपण या माणसाच्या डोळ्यांना तीस वर्षांत एकदाही दिसलो नाही, हे त्या हसण्यात तिला लख्ख कळलं होतं. आता छप्पन्नावं लागलं होतं. आपल्या हातचं अन्न आपल्या नावावर विकायचं, एवढी एकच इच्छा तिला उरली होती, आणि तीही अशीच जाणार असं दिसत होतं.

मार्चात पथक आलं ते ऐन लग्नाच्या दिवशी. या वेळी हलगी नव्हती. तौफिक मुलाणी नावाचे नवे जप्ती अधिकारी होते, बारीक अंगाचे, हळू बोलणारे; आणि त्यांच्या हातात इस्त्री. त्यांनी मेव्हण्यासकट घरातल्या आणि कामावरच्या सगळ्यांचे तळवे एका काचेवर टेकवून नमुने घेतले. पंच म्हणून मांडववाला आणि नवऱ्या मुलाचे मामा उभे राहिले. मामा तर हौसेनंच. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

हेमंतरावांनी सवयीनं मेव्हणेपुराण सुरू केलं. मुलाणींनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि इस्त्री गल्ल्याच्या टेबलावरून फिरवली. पडद्यावर हेमंतराव. मागे रेलायची कातडी खुर्ची, हेमंतराव, आणि थर इतका दाट की यंत्राला दोनदा वाचावं लागलं. झोपाळा, हेमंतराव. टीव्हीचा रिमोट, हेमंतराव. मेव्हण्याचा सोफा निघाला हेमंतरावांचा, आणि मेव्हण्याचा हात त्यावर औषधालाही नाही. मामा खुदकन हसले.

मग जप्तीची वरात भटारखान्यात आली.

वृषाली भाजीला फोडणी देत होती. तिनं गॅस बारीक केला आणि बाजूला झाली. मुलाणींनी पहिल्या पातेल्यावर इस्त्री धरली. पडद्यावर नाव आलं, वृषाली पिसाळ. दुसऱ्यावर तेच. झाऱ्यावर, कढईवर, पुरणयंत्रावर, कोठीच्या कुलपावर, तेच. पराती आणि पोळपाटांवर तिच्या जोडीला संगीता. पातेल्यांच्या काठावर सासऱ्यांचं नाव घातलेलं होतं. त्या नावाच्या अक्षरांतसुद्धा थर सापडले ते तिच्याच हाताचे. सबंध भटारखान्यात हेमंतरावांचा हात म्हणून सापडला तो फक्त तळलेल्या काजूच्या डब्याच्या झाकणावर.

वृषाली पडद्याकडे बघत राहिली. एकामागून एक आपलंच नाव. तिला रडू आलं आणि त्याच दमात रागही आला, की हे सांगायला या गावाला एक इस्त्री विकत आणावी लागली.

हेमंतराव मात्र खूश दिसत होते. त्यांचा मेंदू अशा वेळी फार जोरात चालायचा. तो चालायचा फक्त अशाच वेळी. त्यांनी मुलाणींना विचारलं, कर कुणाच्या नावावर आहे? मुलाणी म्हणाले, तुमच्या एकट्याच्या. आणि ही भांडी, शेगड्या, फ्रीझर, कोठी, तुमचं यंत्र म्हणतंय कुणाची? बाईंची. मग तिच्या वस्तू माझ्या करापायी कशा नेणार? नाही नेता येणार, मुलाणी म्हणाले. हेमंतरावांनी मांडीवर थाप मारली. पुऱ्या गावात असं डोकं दुसऱ्या कुणाकडे नव्हतं! ते स्वतःच तोंडी सांगू लागले, लिहा पंचनाम्यात, भटारखान्यातलं सर्व सामान पत्नीच्या मालकीचं असून माझा त्यावर कोणताही हक्क नाही, पूर्वी नव्हता, पुढे राहणार नाही.

मुलाणींनी पेन थांबवलं.

“साहेब, नीट ऐका. ही नोंद नुसत्या जप्तीपुरती नसते. मालकी कायमची बदलते. वर्षाच्या आत अपील करता येईल, पण फेरतपासणीत तुमचा वावर जास्त निघाला तरच.”

“अहो, बायकोचं ते माझंच की,” हेमंतराव पंचांकडे बघून म्हणाले. “ह्या वयात ती काय पातेलं डोक्यावर घेऊन पळून जाणाराय?”

मांडववाला हसला, मामा हसले. पिढ्यान् पिढ्या इथल्या बापयांनी हेच केलं. जमीन बायकोच्या नावावर, दुकान बायकोच्या नावावर, गाडी बायकोच्या नावावर. बायको म्हणजे घरातलं कपाट. आपण ठेवलेलं कपाट घेऊन जाईल अशी शंका कुणाला यावी? हेमंतरावांनी झोकदार अक्षरात सही ठोकली. मुलाणींनी कागद वृषालीपुढे धरला आणि तिला मान्य आहे का विचारलं. तिनं पदराला हात पुसले, सगळा मजकूर सावकाश वाचला आणि मान्य आहे म्हणून सही केली.

पथक खुर्ची, झोपाळा, सोफा आणि गल्ल्याचं टेबल घेऊन गेलं. हेमंतराव पंगतीतून हिंडत प्रत्येकाला आपला पराक्रम सांगत होते. लाखांची भांडी वाचवली, गेलं काय तर एक खुर्ची! वृषालीनं शेवटची पंगत उठेपर्यंत सगळं नीट वाढलं. लग्नघराचा काय दोष? भात ऊनऊन गेला, जिलबीही कमी पडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयाच्या मागच्या दाराला टेम्पो लागला. हेमंतराव तोंडात ब्रश घेऊन बाहेर आले तेव्हा अर्धा भटारखाना चढलेला होता. वृषालीनं सांगितलं, माझं सामान मी माझ्या गाळ्यावर नेतेय. आधी ते हसले. मग तिला वेड लागलं म्हणाले. मग मेव्हण्याला फोन लावला. तो म्हणाला, भावोजी, माझ्या नावावर ठेवलं असतंत तर ही वेळ आली नसती. मग पोलिसांना बोलावलं. हवालदारानं पंचनामा वाचला, खालची हेमंतरावांची सही त्यांनाच दाखवली, आणि मोठं पातेलं टेम्पोत चढेना तेव्हा खालून हात लावला.

पुढच्या लग्नाला हेमंतरावांनी तालुक्याहून केटरर आणला. भाताची पेज झाली. वधूपित्यानं भर मांडवात त्यांची अशी काही काढली, की ते प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठलेच नाहीत. बुकिंग गळायला लागलं. इकडे यार्डाजवळच्या गाळ्यावर ‘वृषाली-संगीता भोजन’ अशी पाटी लागली आणि हमालांपासून अडत्यांपर्यंत सगळे तिकडे वळले. मुलाणीही दुपारचे तिथेच जेवत, रोख देऊन.

मग वकिलानं हेमंतरावांना मार्ग सांगितला. अपील करा. फेरतपासणीला वर्ष लागतं, तोवर भांड्यांवर तुमचा वावर वाढवा. हे वृषालीच्या कानावर आलं. तिनं मुलाणींना वाढता वाढता विचारलं, असं होईल का? मुलाणींनी घास संपवला आणि समजावून सांगितलं, की नवे थर नेहमी वर बसतात आणि यंत्र वय आणि खोली मोजतं. नुकत्याच वर बसलेल्या थराला त्याच्या लेखी मोल फार थोडं. तुमचे थर तीस वर्षांचे आहेत. साहेबांना हे पुसायचं असेल तर आणखी तितकीच वर्षं रोज राबावं लागेल. हेमंतरावांनी विचारलं असतं तर त्यांनाही सांगितलं असतं, मुलाणी म्हणाले, पण ते विचारणारे गृहस्थ नाहीत.

आठवड्यानं हेमंतराव गाळ्यावर आले. पांढरा सदरा, अंगाला अत्तर. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, भांड्यांना जरा हात लावून जातो. वृषालीनं त्यांना नखशिखांत न्याहाळलं. तीस वर्षांत जो माणूस भटारखान्याचा उंबरा ओलांडताना नाकाला रुमाल लावायचा, तो आता पातेलं कुरवाळायला आला होता. एवढा निर्लज्जपणा तिला त्यांच्याकडूनसुद्धा अपेक्षित नव्हता.

“कुरवाळायचं नाही,” ती म्हणाली. “हात लावायचा असेल तर ती मोरी आहे, आणि तो काथ्या.”

आणि बसले! सदऱ्याच्या बाह्या वर करून, पाटावर, रोज. संगीता एकेक खरकटं पातेलं आणून आपटायची आणि ते घासायचे. आधी अर्धवट घासत. संगीता परत आणून ठेवी. पहिल्या महिन्यात नखं काळी झाली, दुसऱ्यात कंबर धरली. पण माणूस हटेना. वर्षभर हात फिरवला की सगळं परत आपलं, हा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का होता. कष्ट करतानासुद्धा नजर लबाडीवरच. यार्डातले हमाल जेवायला येत आणि माजी नगरसेवकांना भांडी घासताना बघून दोन पोळ्या जास्त खात. वृषालीला ते बघून सुख व्हायचं का? थोडं व्हायचं. खोटं कशाला बोला?

फेरतपासणीला मुलाणी सकाळीच आले. हेमंतराव धुतलेला सदरा घालून तयार होते. इस्त्री एकेका भांड्यावरून फिरत गेली. वृषाली मोरीच्या कठड्याला धरून उभी होती. मुलाणींनी सांगितलं होतं ते तिला पाठ होतं, तरी धास्ती होतीच. यंत्रच ते, आणि नवरा हा असा. पडद्यावर नाव आलं वृषालीचं. प्रत्येक भांड्यावर तिचंच.

“अहो, मी वर्षभर घासलीत ही!” हेमंतराव ओरडले.

मुलाणी म्हणाले, दिसतंय साहेब, तुमचा थर वर आहे. त्यांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. वर एक बारीकशी रेघ होती, केसाएवढी. तिच्याखाली वृषालीचे थर, पडदा संपेपर्यंत. मुलाणींनी अपील फेटाळल्याच्या कागदावर सही घेतली, इस्त्री पेटीत ठेवली आणि गेले.

हेमंतराव मोरीकडे वळले. समोर भाताचं मोठं पातेलं पालथं पडलं होतं. काय मनात आलं कुणास ठाऊक, त्यांनी ते दोन्ही कानांना धरून उचललं. वर्षभर त्यांनी ते मोरीत बसून घासलं होतं, उचललं कधी नव्हतं. गुडघ्यापर्यंत आलं, त्यापुढे उचलेना.

“हे भातासकट चुलीवरून उतरवायचीस तू?” त्यांनी विचारलं. “एकटी?”

त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती. खरंच विचारत होते. हा प्रश्न या माणसाच्या तोंडून यावा म्हणून वृषालीनं कितीतरी वर्षं वाट पाहिली होती. तो आला की आपण ढसाढसा रडू, असं तिला वाटायचं. आता तो आला होता आणि तिला काहीही वाटलं नाही. हमालांची पहिली खेप जेवायला यायची वेळ होत आली होती आणि संगीता तांदूळ वैरायला खोळंबली होती.

“उद्यापासून येऊ नका,” असं म्हणून वृषालीनं त्यांच्या हातातून पातेलं घेतलं आणि चुलीवर चढवलं.